स्टार-डेल्टाचा ओव्हरलोड रिले: 28 वर लावायचा की 16 वर?

आयटीआय करून अप्रेंटिसला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. मोटरची स्लिप काय, 4 पोल म्हणजे 1500 आरपीएम असूनही प्लेटवर 1440 का, हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते स्टार-डेल्टा स्टार्टरच्या (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टात चालवणारा) ओव्हरलोड रिलेने (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), आणि हे कुणी नीट सांगतही नाही. समजा 15 किलोवॅटची मोटर, प्लेटवर 28 अँपिअर, आणि रिले 16 ला लावलेला. नवीन माणसाला वाटतं सेटिंग चुकलंय, मग मोठ्या रेंजचा रिले आणून 28 ला लावतात. असं अजिबात करू नका! रिले मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरला सप्लाय जोडणारा स्विच) खाली, मोटरकडे जाणाऱ्या वायरवर असेल तर डेल्टामध्ये त्याच्यातून लाईनचा नाही, एका वाइंडिंगचा करंट जातो, म्हणजे 28 भागिले 1.732, साधारण 16. तिथे 28 लावलं तर लाईनला 48 जाईपर्यंत रिले गप्प बसणार आणि तोवर मोटर भरायला पाठवायची वेळ आलेली असते. पण रिले इनकमिंगला, म्हणजे सप्लाय येतो त्या लाईनवर असेल तर मात्र पूर्ण 28 च. म्हणून आधी वायर हाताने ट्रेस करा (सप्लाय बंद करून, तपासून), ड्रॉइंगवर विसंबू नका. मग चालू लोडवर क्लॅम्प मीटर इनकमिंगला लावा आणि मोटरकडच्या सहापैकी एका वायरला लावा, दोन आकडे बघितले की डोक्यात कायमचं बसतं.

ट्रिप झालं की डायल वाढवून द्यायला सांगणारे सीनियर भेटतील, त्यांचं ऐकू नका. आधी तिन्ही फेजचे करंट घ्या, बेअरिंग बघा, पंप जाम आहे का बघा. माझ्या मते खरं शिक्षण रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतं, सुट्टीच्या दिवशी जाऊन बसा. तिन्ही फेजच्या कॉईल सारख्याच काळ्या म्हणजे बहुतेक ओव्हरलोड, डेल्टात एकाच फेजच्या काळ्या आणि बाकी कोऱ्या म्हणजे एक फेज उडालेला.

बाकी मेंटेनन्स फार अवघड नाही, घाबरू नका. पंख्याच्या जाळीवरची धूळ काढत राहा, ग्रीस ठासून भरू नका, जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) तपासल्याशिवाय चालू करायची नाही, रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तर आधी सुकवा, प्रॉडक्शनवाले कितीही ओरडू देत.