मेमरी कार्डाला थेट कमांड देताय? या चुका टाळा

रावेरकडच्या एका केळीच्या बागेत ठिबकच्या पेटीशेजारी मी बसवलेला लॉगर (नोंदी ठेवणारं यंत्र) आहे: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, ओलाव्याचे सेन्सर आणि ३२ जीबीचं कार्ड. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. मे महिन्यातल्या फाइलच्या मधोमध बारा-तेरा ओळींच्या जागी नुसते शून्य बाइट निघाले. बागवाले काका म्हणाले, "भाऊ, ऐन उन्हातल्याच नोंदी कशा गेल्या?" कार्ड ठणठणीत होतं. चूक माझ्या प्रोग्रामची होती.

लिनक्स ३.० पासून, म्हणजे २०११ पासून, आपल्या प्रोग्रामला एका आयओसीटीएलमधून (ioctl, म्हणजे ड्रायव्हरला थेट विनंती करण्याची वाट) कार्डाला थेट कमांड पाठवता येते. कमांड कार्डावरच्या ज्या जागी लिहिते ती कुठल्या फाइलची आहे हे कर्नल (लिनक्सचा गाभा) बघत नाही. कार्डही विचारत नाही, लिहून मोकळं होतं.

मला पहिल्या पार्टिशनच्या (कार्डाच्या पहिल्या भागाच्या) आधीच्या मोकळ्या जागेत, १ एमबीवर, एक खूण लिहायची होती. सीएमडी२४ ला, म्हणजे एक ब्लॉक लिहिण्याच्या कमांडला, पत्ता दिला १०,४८,५७६. जुन्या, २ जीबीपर्यंतच्या कार्डांत पत्ता बाइटमध्ये असतो, तिथे हे बरोबर ठरलं असतं. एसडीएचसी आणि त्यापुढच्या कार्डांत तो ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजतात. मला द्यायचा होता २०४८. माझी खूण जाऊन पडली ५१२ एमबीवर, नोंदींच्या फाइलवर. त्यात कार्ड माउंट असतानाच, म्हणजे सिस्टिम त्यावरच्या फाइली वापरत असतानाच, हा उद्योग केला. त्या दिवशी फाइल उघडली तर धडधाकट दिसली, कारण ती पेज कॅशमधून, म्हणजे रॅममधल्या जुन्या प्रतीतून, वाचली जात होती. खड्डा दिसला रीबूटनंतर. म्हणून थेट लिहिण्याआधी कार्ड अनमाउंट कराच, आणि पडताळणीही कॅशमधून नको, सीएमडी१७ ने (ब्लॉक वाचण्याची कमांड) थेट कार्डातून करा.

"ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं की बहुतेक जण कार्डाच्या डिव्हाइस फाइलवर chmod 666 चालवतात, म्हणजे ती सगळ्यांना खुली करतात. उपयोग शून्य. रॉ आयओची कॅपॅबिलिटी (हार्डवेअरशी थेट बोलायची खास परवानगी, CAP_SYS_RAWIO) नसेल तरी हीच एरर येते आणि अख्ख्या कार्डाऐवजी पार्टिशनची फाइल उघडली तरीही हीच. दुसऱ्या बाबतीत रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) दाद मिळत नाही. फाइलच्या नावातला शेवटचा 'पी१' काढून बघा. "इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल" आलं तर कार्ड बहुधा यूएसबी रीडरमध्ये आहे. तिथे ते एसडीए, एसडीबी अशा नावाने दिसतं आणि हा रस्ताच नसतो.

सीएमडी१३ (कार्डाची स्थिती विचारणारी कमांड) टाइमआउट होते? आर्ग्युमेंटमध्ये शून्य टाकलंय का बघा. वरच्या १६ बिटांत कार्डाचा आरसीए (त्याला नेमून दिलेला पत्ता) हवा, नाहीतर कार्ड ओच देत नाही. तो सिसफ्समध्ये (/sys खालच्या फाइलींत) वाचायला मिळतो.

आयओसीटीएलने शून्य परत केलं म्हणजे काम झालं, असं धरू नका. कमांड पोचली, एवढाच त्याचा अर्थ. कार्डाच्या उत्तराच्या पहिल्या ३२-बिटी शब्दातला बिट ३१ लागला (१ झाला) असेल तर पत्ता हद्दीबाहेर गेलाय, बिट २६ लागला असेल तर राइट-प्रोटेक्ट आडवा आलाय.

बोर्डावर ईएमएमसी (बोर्डालाच जोडलेली मेमरी चिप) असेल तर हात फार जपून टाका. एक्स्ट-सीएसडीतले (चिपच्या सेटिंगच्या तक्त्यातले) काही बाइट, उदाहरणार्थ १६२ वा, हार्डवेअर रीसेटचा, एकदाच लिहिता येतात. तिथे चूक झाली तर दुरुस्ती नाही.

आणि ती रॉ आयओची कॅपॅबिलिटी अख्ख्या अ‍ॅपला देऊ नका, तिच्याने इतर हार्डवेअरची दारंही उघडतात. मी आता वेगळा छोटा हेल्पर प्रोग्राम ठेवलाय. सीएमडी१३, १७ आणि २४ सोडून तो काही पाठवत नाही, आणि २४ साठी पत्ता २०४८ च हवा.