नारळातला फायटोप्लाझ्मा: नाशिकच्या प्रयोगशाळेत त्याचा गट कसा ठरवायचा

नारळ पिवळा पाडून मारणाऱ्या जिवाणूंमध्ये सर्वांत महत्त्वाचा फायटोप्लाझ्मा. त्याला पेशीभित्तिका नसते, तो झाडाच्या अन्नवाहिनीत राहतो आणि नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे आरएपीडीने (मिळेल त्या डीएनएचे यादृच्छिक तुकडे वाढवून पट्टे पाहण्याच्या पद्धतीने) त्याची विविधता मोजायचा बेत असेल तर तो आधीच रद्द करा. काढलेल्या डीएनएत फायटोप्लाझ्माचा वाटा नगण्य असतो, जेलवर जे पट्टे उमटतील ते नारळाचेच असतील. मोजायला हवं ते १६एस जनुक (रायबोसोमच्या आरएनएचं, जिवाणू ओळखायला वापरतात ते), आणि त्याच्या जोडीला सेक-ए हे दुसरं जनुक.

लक्षणं सारखी दिसली म्हणून जिवाणूही एकच असेल असं नाही. १६एस जनुकावरून फायटोप्लाझ्माचे क्रमांकित गट पाडतात: कॅरिबियनमधला मारक पिवळेपणा १६एसआर-४ गटाचा, घाना आणि मोझांबिकमधला १६एसआर-२२ चा. केरळच्या मूळकुज-मर रोगात १६एसआर-११ गट सापडला आहे आणि हा रोग झाडाला मारत नाही, वर्षानुवर्षं खंगवतो. आपल्या उसाची गवताळ वाढही ११ व्याच गटातली. नाशिककरांची इथे सोय होते, कारण निफाडकडच्या फडात गवताळ ऊस मिळाला तर धन नियंत्रण (ज्यात जिवाणू नक्की आहे असा तुलनेचा नमुना) घरचंच झालं. मात्र त्याचा डीएनए वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने काढा. नाहीतर सगळ्या नारळांत ११ वा गट सापडेल आणि तो उसाचा असेल.

नमुना घ्यायचा तो रोगपट्ट्यातूनच, म्हणजे मुख्यतः दक्षिण केरळ आणि लगतच्या तामिळनाडूतून. नाशिकचं निरोगी झाड ऋण नियंत्रणाला (जिवाणू नसलेला तुलनेचा नमुना म्हणून) ठीक. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत झावळ्या पिवळ्या पडतात, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तरी पडतात. त्याला रोग समजू नका. मूळकुज-मरची खूण म्हणजे पात्या लुळ्या पडून आत वळतात आणि झावळी बरगड्यांच्या पिंजऱ्यासारखी दिसते.

एका बागेतून किमान ५ रोगी आणि २ निरोगी झाडं घ्या. जुन्या झावळीत जिवाणू फार कमी असतो. शेंड्यातला न उमललेला कोंब किंवा न फुटलेली पोय उत्तम, पण ती काढताना झाडाला इजा होते. मारक पिवळेपणासारख्या रोगात खोडाचा भुसा चालतो. जमिनीपासून साधारण १ मीटरवर ८ ते १० मिमीच्या ड्रिलने १० ते १५ सेंमी आत जा, पहिल्या २ सेंमीचा भुसा टाकून द्या आणि पुढचा २ ते ३ ग्रॅम घ्या. ड्रिल सावकाश फिरवा, पातं तापलं की भुसा करपतो. दोन झाडांच्या मध्ये पातं १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून पुसा आणि स्पिरिटने जाळा. भोक लाकडी खुंटीने बुजवून वर बोर्डो पेस्ट लावा. द्राक्षवाल्यांकडे ती तयारच मिळेल. नमुना बर्फाच्या डब्यात आणा, किंवा दहापट सिलिका जेलमध्ये वाळवून आणा. जिवंत रोगी रोपं मात्र कधीच आणू नका.

डीएनए काढायला २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २० मिलिमोलर ईडीटीए, २ टक्के पीव्हीपी आणि ऐनवेळी ०.२ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घ्या. ६५ अंशांवर ४५ मिनिटं ठेवून मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने दोनदा धुवा. नारळात शर्करायुक्त चिकट पदार्थ आणि फिनॉल बरेच असतात. द्रावण तपकिरी झालं, किंवा २६०/२३० चं गुणोत्तर (प्रकाशशोषणावरून शुद्धता सांगणारं) १ च्या खाली गेलं, तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडकतो. अशा वेळी आणखी डीएनए घालण्याचा मोह आवरा. उलट १:१० पातळ करा.

पीसीआरची पहिली फेरी पी१/पी७ प्रायमरची (प्रत कुठून कुठवर काढायची ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांची), साधारण १.८ किलोबेसची. तिचा माल १:३० पातळ करून दुसऱ्या फेरीत आर१६एफ२एन/आर१६आर२ वापरा, पट्टा सुमारे १.२५ किलोबेसवर येतो. दोन्ही फेऱ्यांत ३५ आवर्तनं, जोडणी ५५ अंशांवर. पाण्याचं नियंत्रण (डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी) पहिल्या फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत तसंच न्या. दुसऱ्या फेरीसाठी नवं पाणी घेतलं तर पहिल्या फेरीतली भेसळ कळणारच नाही.

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. हे प्रायमर बॅसिलसचं जनुकही वाढवतात आणि पट्टा नेमका त्याच उंचीवर येतो. ‘नवा गट’ म्हणून मिरवलेली गोष्ट झावळीवरचा साधा बॅसिलस निघू शकते. त्यामुळे क्रमवाचन केल्याशिवाय पट्ट्यावर विश्वास नको.

मग आरएफएलपी करा, म्हणजे एन्झाइमांनी माल तोडून तुकड्यांचा नमुना पाहा. माल आरएसए-१, एचएचए-१, हेई-३, एमएसई-१ यांनी ३७ अंशांवर आणि ताक-१ ने ६५ अंशांवर तोडून ३ टक्के अगारोजवर चालवा. तुकड्यांची बेरीज १.२५ किलोबेसच्या आसपास यायला हवी. समजा ती २ किलोबेस आली, तर आधी तोडणी अर्धवट राहिली का ते पाहा: एन्झाइम वाढवून रात्रभर ठेवा. तरीही बेरीज उतरत नसेल तर मिश्र संसर्ग असेल, किंवा जिवाणूच्या १६एसच्या दोन प्रतींमध्ये फरक असेल. हे दोन वेगवेगळे प्रकार आहेत. ते वेगळे करायला ५ ते ८ क्लोन (मालातली एकेक प्रत वेगळी वाढवलेले) वाचा आणि सेक-एही पाहा, कारण त्याची प्रत एकच असते. एकाच क्लोनमध्ये दिसलेला एका बेसचा बदल बहुधा टॅक या पीसीआरच्या एन्झाइमाची चूक असते, विविधतेत धरू नका.

क्रम दोन्ही बाजूंनी वाचून, प्रायमरच्या टोकांपर्यंत पूर्ण, आयफायक्लासिफायर या फायटोप्लाझ्माचा गट ठरवणाऱ्या ऑनलाइन साधनाला द्या. तो संगणकावर १७ एन्झाइमांची तोडणी करून दाखवतो. सगळ्या माहीत गटांशी तुकड्यांचा साम्यगुणांक ०.८५ किंवा कमी असेल तर नवा गट. प्रजातीचा उंबरठा पूर्वी १६एसच्या ९७.५ टक्के साम्याचा होता, २०२२ पासून तो ९८.६५ टक्के आहे. जुन्या प्रबंधातली प्रजातींची यादी त्यामुळे जशीच्या तशी उतरवू नका.