जनावरांना घटसर्पाची लस पहिल्या पावसाआधीच टोचून घ्या

आभाळ भरून आल्यावर लसीसाठी धावपळ करू नका. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच टोचून घ्या. घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होतो. गायीपेक्षा म्हशीला तो जास्त जोरात धरतो, आणि डुकरांनाही सोडत नाही. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. बर्फात गोठलेली किंवा उन्हात राहिलेली बाटली वापरू नका.

पावसाळ्यात रोज सकाळी गव्हाणीकडे नजर टाका. रात्रीची वैरण तशीच पडलीय, म्हैस मान ताणून उभी आहे, तोंडातून लाळेची तार लोंबतेय, तर आधी गळ्याखाली हात लावा. सूज गरम आणि टणक लागते, दाबली की जनावर अंग चोरतं. थर्मामीटर १०४ च्या वर गेला आणि श्वासाला घरघर असली, तर दुपारपर्यंतही थांबू नका. डॉक्टरांना लगेच फोन करा. घरघर वाढल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही, कित्येकदा २४ तासांत जनावर जातं.

या वेळी नळीने काढा किंवा तेल मुळीच पाजू नका. घसा सुजलेला असतो, पाजलेलं थेट फुप्फुसात उतरतं. गळ्याला डाग देऊन तर त्या मुक्या जिवाचे हालच होतात.

आजारी जनावर वेगळं बांधा, त्याचं उष्टं पाणी दुसऱ्यांना देऊ नका. दगावलंच तर कातडं न काढता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.