अकूस्टिक न्यूरोमाच्या ऑपरेशननंतर पुन्हा कोर्टवर

अकूस्टिक न्यूरोमाचं, म्हणजे कानाच्या नसेवरच्या गाठीचं, ऑपरेशन करून घरी आलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "आता नुसता आराम कर." सुरुवातीच्या आठवड्यांपुरता हा सल्ला अगदी योग्य आहे. पण गेलेला तोल आरामाने परत येत नाही. तो सरावाने येतो, आणि त्या सरावात चक्कर येणारच. हे आधी कळलं तर माणूस घाबरून अंथरुणाला खिळत नाही, म्हणून हे लिहितेय.

मी ५४ वर्षांची. पुण्यात सहकारनगरला राहते, बँकेत नोकरी करते आणि कॉलेजात असल्यापासून बॅडमिंटन खेळते. ज्या गावाच्या लष्करी छावणीवरून या खेळाला एकेकाळी 'पूना'च म्हणत, त्या गावात वाढले. डाव्या कानामागून माझी गाठ काढली. त्या कानाने आता ऐकू येत नाही. आज मी पुन्हा डबल्स खेळते.

आधी थोडं कारण समजून घ्या, म्हणजे व्यायाम कंटाळवाणे वाटणार नाहीत. ही गाठ कॅन्सरची नसते. ती मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेवर, बहुतेक वेळा तिच्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या आवरणावर वाढते. गाठ काढताना त्या बाजूची तोलाची नस सहसा कापावीच लागते आणि ती पुन्हा उगवत नाही. आपण स्वस्थ बसलो तरी दोन्ही कान मेंदूला सारखे संदेश धाडत असतात. एका बाजूचे बंद झाले की मेंदूला वाटतं, आपण गोल फिरतोय. सुरुवातीला खोली गरगरते ती यामुळे. स्वस्थ बसलेलं असतानाची ही गरगर बऱ्याच जणांची थोड्या दिवसांत ओसरते. चालताना, वळताना, पळताना लागणारा तोल मात्र मेंदूला नव्याने शिकावा लागतो. मान हलली आणि समोरचं चित्र पुसट झालं, की चूक झाल्याचं मेंदूला कळतं आणि तो दुरुस्ती करतो. मान हललीच नाही, तर दुरुस्त काय करणार?

चक्करेच्या गोळ्या याच कारणाने पहिल्या दिवसांपुरत्या असतात. त्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर मेंदूचं हे शिकणं लांबतं. चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

दुसऱ्याशी तुलनाही करू नका. गाठ हळूहळू वाढून नस आधीच निकामी झालेली असेल, तर मेंदूने ऑपरेशनपूर्वीच बरीच सवय करून घेतलेली असते आणि त्या माणसाला नंतर फारसं गरगरत नाही. ज्याची नस शेवटपर्यंत चांगली चालत होती, त्याला धक्का मोठा बसतो. यात हिमतीचा संबंध नाही.

परवानगी मिळेपर्यंत

साधारण पहिले सहा आठवडे, किंवा तुमचे सर्जन सांगतील तितके दिवस, वजन उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, सिलेंडर सरकवणं नाही, डोकं खाली घालून वाकणं नाही, शौचाला कुंथणं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. मेंदूभोवतीचं पाणी जिथून वाहू शकतं ती जागा बंद केलेली असते आणि ती पक्की व्हायला वेळ लागतो. वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी आलं, घशात खारट लागलं, डोकेदुखी वाढत गेली, ताप आला, मान आखडली किंवा चेहऱ्याची एक बाजू अचानक ढिली पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उद्यावर टाकायच्या गोष्टी नाहीत या.

चेहऱ्याची नस या आठव्या नसेला खेटून जाते. ती दुखावली असेल आणि डोळा पूर्ण मिटत नसेल, तर खेळाच्या आधी डोळ्याची काळजी. दिवसा थेंब, रात्री मलम, बाहेर पडताना कडांनी बंद असलेला चष्मा. पुण्याच्या धुळीत दुचाकीवर मागे बसतानासुद्धा.

आधी डोळे

माझा पहिला व्यायाम भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर झाला. खुर्चीत बसायचं, हातभर अंतरावरच्या तारखेच्या आकड्यावर नजर रोवायची आणि मान 'नाही' म्हटल्यासारखी डावी-उजवीकडे हलवायची. नजर आकड्यावरून हलू द्यायची नाही. "काकू, मान हलवा, डोळे तिथेच," हे माझ्या फिजिओचं पालुपद. वेग किती? आकडा जेमतेम वाचता येईल इतका. तो थरथरायला लागला की किंचित हळू. मिनिटभर करा, थांबा, मग तेच 'हो' म्हटल्यासारखं वर-खाली.

बसून जमलं की उभं राहून, मग पाय जुळवून, मग घडी घातलेल्या गादीवर उभं राहून आणि शेवटी चालता चालता. मागची भिंत कोरी असेल तर सोपं जातं. फुलाफुलांच्या पडद्यासमोर तेच अवघड होतं, म्हणून तिथेही करा.

किती चक्कर चालेल, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. व्यायामाने गरगरलं आणि पंधरा-वीस मिनिटांत शांत झालं, तर मात्रा बरोबर आहे. दुपारपर्यंत पडून राहावं लागलं, तर उद्या निम्मं करा. काहीच झालं नाही, तर वेग वाढवायची वेळ आली.

कानामागून ऑपरेशन झालेल्यांची मान बरेच दिवस आखडलेली असते. मग हाक आली की माणूस मान न वळवता अख्खा वळतो. ही सवय अंगात मुरायच्या आत मोडा. घरच्यांना सांगून ठेवा, जेवताना आलटून पालटून दोन्ही बाजूंनी बोला. माझी मुलगी मुद्दाम डावीकडे बसून ताटात काय वाढू ते विचारायची.

मग पाय

तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, आतला कान आणि पायाला कळणारी जमीन. एक कान गेल्यावर आपण नकळत सगळा भार डोळ्यांवर टाकतो. म्हणून उजेडात ठीक वाटतं आणि अंधारात झोक जातो. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यांची रेघ उत्तम. टाचेला अंगठा लावत रेघेवरून चाला, आधी खाली बघून, मग समोर बघून, मग मान वळवत. पाऊल ऑपरेशन झालेल्या बाजूला सरकतं. डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकली की हे स्पष्ट दिसतं: सुरुवातीला डोळे उघडले की मी टीव्हीऐवजी डावीकडच्या खिडकीकडे तोंड करून उभी असायचे. हे वळणं कमी होत जातं आणि आपली प्रगती मोजायला यापेक्षा सोपं साधन नाही.

डोळे मिटून उभं राहायचं ते खोलीच्या कोपऱ्यात, पाठीशी दोन भिंती आणि पुढ्यात खुर्ची ठेवून. घरात कोणी नसताना नको.

आणि एक कळकळीची सूचना. डोक्यावरून पाणी घेताना, केस धुताना डोळे मिटलेले असतात, फरशी ओली असते आणि मान खाली असते. खेळाच्या मैदानापेक्षा न्हाणीघर धोक्याचं आहे. स्टूलवर बसूनच डोकं धुवा. रात्री संडासात जायच्या वाटेवर छोटा दिवा जळू द्या.

बाहेर चालायला लागल्यावर मी तळजाईच्या टेकडीवर गेले. सपाट डांबरी रस्ता लवकर सोपा होतो, मग शिकायला काही उरत नाही. तळजाईच्या पायवाटेवर खडी आहे, मुळं आहेत, चढउतार आहेत. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचं वेगळं: चढणं दमाचं काम, उतरणं तोलाचं. उतरताना नजर पायांवर खिळते. ती दर थोड्या पायऱ्यांनी उचलून समोर न्यायला शिका, सोबत माणूस ठेवून. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणी जाणं बंद, शेवाळावर प्रयोग नकोत.

गर्दीने गरगरतं का? मग तुळशीबागेच्या बाजारात जा. दोन्हीकडे टांगलेल्या वस्तू आणि अंगावर येणारी माणसं म्हणजे डोळ्यांना फुकटची शिकवणी. आधी मंगळवारी सकाळी, मग संध्याकाळी, सणाच्या आदल्या दिवशी अगदी शेवटी.

आता खेळ, तुकड्यातुकड्यांनी

सर्जन आणि फिजिओ दोघांचाही होकार मिळाला की रॅकेट काढा. पण मॅच खेळू नका. बॅडमिंटन सुटं करून एकेक भाग परत जोडा, आणि जोडताना सर्वांत अवघड भाग शेवटी ठेवा. तो भाग म्हणजे डोक्यावरून येणारं शटल. त्यात मान मागे जाते, डोळे छताच्या दिव्यांवर जातात आणि पाय उलटे मागे पळत असतात. तोल हिरावणाऱ्या तिन्ही गोष्टी एकदम.

सुरुवात एका जागी उभं राहून. समोरच्याने हाताने शटल टाकायचं, छातीच्या उंचीवर, नेहमी त्याच जागी. फक्त परतवायचं. इथे नजरेला शटलचा माग काढण्याची पुन्हा सवय होते. मग त्याने एक डावीकडे, एक उजवीकडे, ठरवून टाकायचं. मग न ठरवता.

पुढचा टप्पा नेटजवळचा. लंज मारून, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून, खाली जाणं सोपं असतं, उठताना गरगरतं, कारण डोकं झटक्यात वर येतं. म्हणून आधी शटल नसतानाच लंज: खाली जा, नजर नेटच्या पट्टीवर ठेवा, उठा, एक श्वास थांबा. थांबायची गरज उरली नाही की शटल आणा.

त्यानंतर शॅडो, म्हणजे शटलशिवाय कोर्टभर पळणं, सहाही कोपरे. ऑपरेशनच्या बाजूला झटकन वळताना चित्र क्षणभर पुसट होतं. हे कमी होतं, पण फार झटक्यात वळलं तर थोडंसं राहतंच. त्यावर उपाय आहे: आधी डोळे त्या कोपऱ्यात पाठवा, मागून मान, मागून अंग. डोळे आधी पोचलेले असले की चित्र हरवत नाही. हे मुद्दाम घोटावं लागतं, पण एकदा अंगवळणी पडलं की कोर्टवर आणि रस्ता ओलांडताना, दोन्हीकडे उपयोगी पडतं.

क्लिअर (शटल उंचावरून पार मागे धाडणं) आणि स्मॅश सर्वांत शेवटी. आधी जागेवरून, पाय न हलवता. मग एक पाऊल मागे. मागे जाताना उलटं पळू नका, कूस वळवून तिरकं जा. चांगले कोच तसंही हेच शिकवतात, आपल्याला ते सक्तीचं. दिवा डोळ्यांत येणाऱ्या कोर्टवर सराव नको, एका बाजूला दिवे असलेला हॉल मिळाला तर बघा.

पहिला खरा गेम ११ गुणांचा खेळा आणि दमायच्या आत थांबा. दमलेला मेंदू नव्याने शिकलेलं आधी विसरतो, आणि पडापडी गेमच्या शेवटीच होते. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी फक्त वॉर्म-अप.

कानाचं काय

तोल येतो, गेलेलं ऐकणं येत नाही. ऑपरेशन झालेला कान पूर्ण गेला असेल तर आवाज कुठून आला हे कळणं बंद होतं, कारण त्यासाठी दोन कान लागतात. बंद हॉलमध्ये आवाज घुमतो, पार्टनर "माझं!" म्हणते आणि ती कुठे आहे ते समजत नाही. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाकडे पोचवणारी क्रॉस पद्धतीची यंत्रं मिळतात, आवाज हाडातून नेणारीही असतात. बोलण्यासाठी ती कामाची, दिशा मात्र त्यांनी परत येत नाही.

म्हणून आम्ही खेळच कानाप्रमाणे बसवला. माझा उजवा कान चांगला, तेव्हा शेजारी शेजारी उभ्या असलो की मी डावा अर्धा घेते, पार्टनर उजवीकडे. तुमचा डावा कान चांगला असेल तर उलट. पुढे-मागे असलो तर हाक नेहमी मागची देते, आणि मधोमध येणारं शटल फोरहँडवालीचं, हे आधीच ठरलेलं. गुण मोठ्याने सांगून बोटांनीही दाखवायचे. प्रतिस्पर्ध्यांना सुरुवातीलाच सांगा, कोणी नाही म्हणत नाही.

पुढे कधीतरी ताप येईल, रात्रभराचा बसप्रवास होईल, घरात लग्न निघेल, आणि जुनी गरगर परत येईल. गाठ परत आली असं मनात येतं. गाठीचा निर्णय एमआरआय देतो, त्याच्या तारखा चुकवू नका. बहुतेक वेळा थकलेल्या मेंदूची घडी तात्पुरती विस्कटलेली असते. दोन टप्पे मागे जा, नजरेचे व्यायाम पुन्हा सुरू करा, पहिल्यापेक्षा लवकर सावरतं.

बॅडमिंटन न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. सायकलवर मागून येणारी बस कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही आणि मागे वळून पाहिलं की हँडल वळतं, म्हणून आरसा बसवा आणि हेल्मेट घाला. पळताना समोरचं दृश्य उड्या मारतं, म्हणून आधी भरभर चालणं. सिंहगड आतकरवाडीकडून चढणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि उजेड असेपर्यंत खाली यावं. फुटबॉलचं हेडिंग किंवा कबड्डीसारखं अंगाला भिडणारं काही असेल तर सर्जनना विचारूनच, कारण कवटीचं थोडं हाड काढलेलं असतं.

पोहणाऱ्यांनी सर्वांत सावध राहावं. पाण्याखाली पायाला जमीन नसते, डोळे मिटलेले किंवा पाणी गढूळ, आणि कान एकच. वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होऊ शकतं. जखम पूर्ण भरल्यावर, परवानगी घेऊन, गॉगल लावून, छातीएवढ्या पाण्यात, कठड्याजवळ सुरुवात करा. सूर मारणं नाही. नदी, विहीर, धरण नाही. आणि कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी तलावावर एकटे उतरू नका. काठावर बसणाऱ्या माणसाला तुमचा कुठला कान गेलाय ते सांगून ठेवा.