दोन कॉम्प्युटरचा बॅकअप एकाच ड्राइव्हवर: वाटणी आधी करा

बाहेरून लावायचा ड्राइव्ह रिकामा असतानाच त्याचे दोन भाग (पार्टिशन) पाडून घ्या. एकाच पार्टिशनवर दोन फोल्डर करूनही सुरुवातीला भागतं, पण एका कॉम्प्युटरवर व्हिडिओंचा साठा वाढला की तो सगळी जागा खातो आणि दुसऱ्याचा बॅकअप अडतो. ड्राइव्ह भरल्यावर वाटणी करायची म्हणजे आधी सगळा डेटा बाहेर हलवावा लागतो.

सध्या प्रत्येक कॉम्प्युटरवर जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट जागा धरा, कारण फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साठत जातात. लॅपटॉपवर ३०० आणि डेस्कटॉपवर ५०० जीबी असेल, तर ६०० आणि १,००० जीबी. २ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे १,८६३ जीबी दिसतो, तेव्हा अडीचशेच्या वर जीबी शिल्लक राहतात. ती मोकळीच ठेवा.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्ह त्याच्या आकारावरून ओळखा. ‘डिस्क १’सारख्या क्रमांकावर विसंबू नका, तो बदलतो, आणि इथे चुकीची डिस्क निवडली तर डेटा जातो. जुनं पार्टिशन डिलीट करा. मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या. आकार एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणून १,०२४ ने गुणा: ६०० जीबीसाठी ६१४४००, १,००० जीबीसाठी १०२४०००. फाइल सिस्टीम (फाइली साठवण्याची पद्धत) एनटीएफएस ठेवा आणि भागांना ‘लॅपटॉप बॅकअप’, ‘डेस्कटॉप बॅकअप’ अशी स्पष्ट नावं द्या. ज्याचा डेटा वाढणार आहे त्याचा भाग दुसरा करा. ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ला फक्त लगेच पुढची, चिकटून असलेली मोकळी जागा वापरता येते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं संरक्षण तिच्यातच आहे. लॅपटॉपवर ‘डेस्कटॉप बॅकअप’चं ड्राइव्ह लेटर (‘E:’सारखं अक्षर) काढून टाका, डेस्कटॉपवर ‘लॅपटॉप बॅकअप’चं. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये ‘रिमूव्ह’ दाबलं की तो भाग त्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. आतल्या डेटाला धक्का लागत नाही आणि चुकून दुसऱ्याचा बॅकअप पुसला जात नाही. त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या भागाला शेवटच्या अक्षरांपैकी एखादं लेटर द्या, म्हणजे पेन ड्राइव्ह लावल्यावर गोंधळ होणार नाही.

मग कंट्रोल पॅनलमधून फाइल हिस्टरी, म्हणजे विंडोजची बॅकअपची सोय, सुरू करा. जुन्या आवृत्त्या ‘फॉरएव्हर’ ठेवायच्या, हे तिथे आधीच निवडलेलं असतं. ते बदलून ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ करा. ड्राइव्ह सतत जोडलेला नसणार, म्हणून लावल्यावर ‘रन नाऊ’ दाबायची सवय ठेवा. कोणता कॉम्प्युटर कोणत्या दिवशी, हेही ठरवून टाका. नाहीतर एकाचा बॅकअप महिनोन्महिने राहून जातो.

ड्राइव्ह काढताना दरवेळी ईजेक्ट करा. कॉम्प्युटर हायबरनेटमध्ये (उघडं काम जपून बंद झालेला) असताना ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावणं सगळ्यात घातक. पहिल्याच्या स्मृतीत फाइलींची जुनी नोंद राहते, तो जागा झाला की तीच नोंद पुढे धरतो आणि फाइल सिस्टीम बिघडते. ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं आलं, तर उघड्या खिडक्या बंद करा; तरीही सुटत नसेल तर रीस्टार्ट करून मग ईजेक्ट करा.

ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल किंवा टिकटिक आवाज येत असेल, तर आधी हब काढून तो थेट पोर्टला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. बिनअ‍ॅडॉप्टरच्या हबवर तेवढीच वीज सगळ्यांत वाटली जाते. थेट लावूनही टिकटिक थांबली नाही, तर ड्राइव्हच खराब होत चाललाय असं समजा.

एक मॅक असेल तर वाटणी मॅकच्या डिस्क युटिलिटीतून करा: स्कीम ‘जीयूआयडी’, टाइम मशीनसाठी (मॅकची बॅकअपची सोय) एपीएफएस, दुसरा भाग एक्सफॅट, तो नंतर विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. मॅकचा भाग फॉरमॅट करायचा का, असं विंडोजने विचारलं तर ‘कॅन्सल’च.

पहिला बॅकअप झाल्यावर दोन्ही कॉम्प्युटरवर एकेक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून बघा. हा ड्राइव्ह पडला तर दोन्ही बॅकअप एकदमच जातात, म्हणून फोटो आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.