लॅपटॉपमध्ये फटफट आणि घूं घूं? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

प्रत्येक घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा एक भाचा असतो. आमच्या घरात तो मी. मावशी ऑनलाइन गाणं शिकवते. तिच्या विद्यार्थिनींना हेडफोनच्या माइकमधून तिच्या आवाजामागे सतत ‘घूंऽऽ’ ऐकू यायचं. मी आधी ड्रायव्हर (साउंड चिपसारखा भाग विंडोजला जोडून देणारं सॉफ्टवेअर) बदलला, मग फॉरमॅट मारला, मग पुन्हा एकदा मारला. घूं घूं जागच्या जागी. एका संध्याकाळी क्लास चालू असतानाच लाइट गेली. मावशीने मोबाईलचं नेट लावून तसंच पुढे शिकवलं, आणि पलीकडून एक मुलगी म्हणाली, ‘ताई, आज आवाज किती स्वच्छ येतोय!’ लॅपटॉप बॅटरीवर होता. दोष विंडोजचा नव्हताच, तिच्या जुन्या वाड्यातल्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं. माझे दोन रविवार मात्र गेले.

तेव्हापासून मी आधी कान लावतो. ‘फट्’, ‘टक्’ असा तुटक आवाज आणि ‘घूं’ अशी अखंड गुणगुण ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुटक आवाज बहुतेक वेळा सॉफ्टवेअरकडून येतो, अखंड गुणगुण बहुतेक वेळा विजेकडून. दोन्हींवर एकच औषध देणं ही सगळ्यात मोठी चूक.

गुणगुण असेल तर चार्जर काढून पाहा

आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. तिची गुणगुण 50 किंवा 100 हर्ट्झच्या खर्ज सुरात ऐकू येते. चार्जर काढल्यावर ती थांबली, तर लॅपटॉप उघडायची गरजच नाही.

चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडी वीज बाहेरच्या बाजूला झिरपत असते. थ्री पिन प्लगची मोठी पिन ती जमिनीत नेऊन सोडते. अर्थिंग नसेल, तर ती लॅपटॉपच्या बॉडीवरच रेंगाळते. धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना झिणझिणी जाणवते ती हीच, आणि माइकच्या वायरीत शिरते तीही हीच. बॉडीला हात लावल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर निदान जवळपास झालंच म्हणून समजा.

इथे लोक दोन चुका करतात, आणि दोन्हींत अर्थिंग तुटतं. एक म्हणजे थ्री पिनला टू पिनचा कन्व्हर्टर लावतात. दुसरी म्हणजे स्वस्त एक्सटेंशन बोर्ड. त्याला भोकं तीन असतात, पण आतून वायरी दोनच आलेल्या असतात. भोक दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. वायरमनला मीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये 230 च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं. स्वतः बोर्ड उघडायला जाऊ नका.

याच्या उलटाही एक प्रकार आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, दोघांना अर्थिंग आहे, आणि मध्ये ऑडिओची वायर. अशा वेळी दोन्ही अर्थिंगमधला किंचित फरक त्या वायरीतून वाहतो आणि स्पीकर घुमायला लागतो. गणपतीच्या मंडपात हे हमखास होतं. मग कोणीतरी जाणकार पुढे येतो आणि ॲम्प्लिफायरची अर्थ पिन काढून टाकतो. गुणगुण थांबते हे खरं, पण आतली एखादी वायर सुटून पेटीला चिकटली, तर शॉक बसेल तो माइक धरणाऱ्याला. हे कधीच करू नका. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. छोटी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर असतो.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आलात की गुणगुण सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (सुरळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा) आहे का ते बघा. त्यावर पंखाही घुमतो, मग स्पीकर का सोडेल?

फटफट असेल तर टास्क मॅनेजरवर विसंबू नका

फटफट दोन ठिकाणी होते. आवाज सुरू होताना किंवा थांबल्यावर काही सेकंदांनी एकच ‘टक्’ येत असेल, तर साउंड चिप झोपते आणि जागी होते, त्याचा तो आवाज. वीज वाचवण्याची ही सोय आहे, बिघाड नाही. लिनक्सवर ऑडिओ ड्रायव्हरच्या पॉवर सेव्ह सेटिंगचा आकडा शून्य केला की तो बंद होतो. विंडोजवर ही सेटिंग ड्रायव्हरप्रमाणे वेगळी असते, लॅपटॉप चार्जिंगला लावून फरक पडतो का ते आधी पाहा.

गाण्याच्या मधोमध फटफट होत असेल, तर प्रकरण वेगळं. आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 किंवा 48,000 आकडे. प्रोसेसर ते मूठ-मूठ भरून साउंड चिपकडे देतो, विंडोजमध्ये साधारणपणे दर 10 मिलिसेकंदांनी. एखादी मूठ वेळेवर पोचली नाही की मध्ये खड्डा पडतो, आणि तो आपल्याला ‘फट्’ म्हणून ऐकू येतो. लोक टास्क मॅनेजर (प्रोसेसर किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची सोय) उघडतात, प्रोसेसर 8 टक्के दिसतो, मग म्हणतात की रॅम कमी पडत असेल, आणि रॅम घेऊन येतात. पण 8 टक्के ही सरासरी झाली. एखादा ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसला, तर सरासरीत ते दिसणारच नाही. दिवसभर मोकळा असलेला रस्ता नेमका रेल्वे फाटकापाशी तुंबतो, तसंच.

त्यासाठी विंडोजवर लॅटन्सीमॉन हा प्रोग्राम दहा मिनिटं चालू ठेवा, कोणता ड्रायव्हर अडवतोय ते तो नावानिशी दाखवतो. तेही नको असेल, तर आधी फक्त वायफाय बंद करून डाउनलोड केलेलं गाणं लावा. फटफट थांबली, तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. एकाचा आजार घालवताना ती तीन नवे लावून जातात.

कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट बंद करून पाहायलाही विसरू नका. खोलीचा घुमारा, जास्तीचा बास वगैरे जे काही कंपनीने घालून दिलेलं असतं, त्यातलं बरंचसं मला तरी निरुपयोगीच वाटतं.

बाकीचं थोडक्यात

डग्ग्याच्या ठराविक घुमाऱ्यालाच स्पीकर फरफरत असेल आणि हेडफोनमध्ये सगळं ठीक असेल, तर स्पीकरचा आतला पडदा फाटलाय किंवा एखादा स्क्रू सैल आहे. जाळीवर बोट दाबून फरफर थांबते का पाहा. व्हीएलसीत किंवा ब्राउझरच्या बूस्टरने आवाज 100 टक्क्यांच्या वर रोज नेणाऱ्यांचे पडदे लवकर जातात.

म्यूट केल्यावरही बारीक ‘चींऽ’ येत असेल, तर कान कीबोर्डला लावा. तो मदरबोर्डवरच्या कॉइलचा आवाज, स्पीकरचा त्यात काही दोष नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज तुटत असेल, तर यूएसबी 3 चा पेनड्राइव्ह किंवा हब काढून पाहा. त्यांचा रेडिओ गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि ब्लूटूथही तिथेच राहतं.

माउस हलवला की हेडफोनमध्ये ‘चिर्र’ होत असेल, तर दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड बऱ्याचदा काम भागवतं, कारण आवाज मदरबोर्डच्या गोंगाटाबाहेर तयार होतो. मात्र अर्थिंगची गुणगुण त्याने जाईलच असं नाही. मावशीसाठी मी आधी हेच कार्ड आणलं होतं. ते अजून तिच्या तानपुऱ्याच्या गवसणीत पडून आहे.