सोल्डरिंग आयर्नची वायर कशी निवडावी आणि अर्थिंग कसं तपासावं

25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न 230 व्होल्टवर जेमतेम 0.11 अँपिअर करंट घेतं. एवढ्याशा करंटला घरात पडलेली कुठलीही वायर चालेल असं वाटतं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. ही वायर करंट बघून निवडायचीच नसते. साडेतीनशे अंशांच्या बिटाशेजारी (आयर्नच्या तापणाऱ्या टोकाशेजारी) ती दिवसभर लोळते, हाताबरोबर शेकडो वेळा वळते आणि तिच्यातली तिसरी तार, म्हणजे अर्थची, आपल्या जिवाची राखण करते. या तीन गोष्टी बघायच्या.

माझं पहिलं आयर्न दोन पिनांचं होतं. रेडिओच्या पत्र्याच्या चेसिसवर डावा हात टेकवून डाख लावायला बसलो की मनगटात बारीक झिणझिण्या यायच्या. मी शहाबादी फरशीवर अनवाणी बसलेला. पिन उलटी करून लावली की झिणझिण्या कमी व्हायच्या, म्हणून मी ते वर्षभर चालवून घेतलं. एके दिवशी सहज बिटाला टेस्टर लावला, तर आतला निऑन चांगला लालभडक पेटला.

आतमध्ये काय झालं होतं ते सांगतो. साध्या आयर्नमध्ये धातूच्या नळीत तापणारं एलिमेंट असतं: निक्रोमची बारीक तार अभ्रकावर गुंडाळलेली. 25 वॅटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स साधारण 2100 ओहम. अभ्रक तडकलं की तार नळीला टेकते. समजा ती बरोबर मधोमध टेकली आणि अर्थिंग नाही, तर बिटावर 115 व्होल्टच्या आसपास येतात. अर्थिंग असेल तर अर्ध्या एलिमेंटमधून, म्हणजे हजारभर ओहममधून, सुमारे 0.22 अँपिअर जमिनीत जातो. 6 अँपिअरच्या एमसीबीला (करंट फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) याचा पत्ताही लागत नाही. पण बॉडीवर व्होल्टेज साचत नाही, आणि घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडते. ‘शॉर्ट झालं तर फ्यूज उडेलच की’ हा भरवसा आयर्नच्या बाबतीत अनेकदा खोटा ठरतो.

वायर घेताना

थ्री कोरच, म्हणजे आत तीन तारा असलेली, मागा. जाडी 0.75 चौरस मिलिमीटर, लांबी दीड ते दोन मीटर. करंटपुरतं बोलायचं तर 0.5 सुद्धा भरपूर झालं, पण 0.75 ची वायर स्क्रूखाली नीट बसते आणि ओढाताण सोसते.

खरा विचार वेष्टनाचा. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच्या कामासाठी असते. तापलेलं बिट तिला टेकलं की ते लोण्यात सुरी जावी तसं आत शिरतं आणि थेट तांब्याला भिडतं. सिलिकॉन रबरची वायर 180 अंश आरामात सोसते, बिट क्षणभर टेकलं तर नुसता डाग पडतो, शिवाय ती इतकी लुळी असते की हाताला जाणवतही नाही. तिचा एकच दोष: पत्र्याच्या धारेवर घासली की चटकन चिरते. सिलिकॉन मिळाली नाही, तर इस्त्रीला लावतात ती सुती विणीची थ्री कोर वायर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत किंवा गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘इस्त्रीची वायर’ म्हटलं की पुढ्यात येते. दिसायला जुनाट, वळायला थोडी ताठ, पण गरम धातूला पीव्हीसीपेक्षा कितीतरी चांगली टिकते.

दुकानदाराने सिलिकॉन म्हणून दिलेली वायर खरंच सिलिकॉन आहे का, हे घरी कळतं. एक इंच तुकडा कापा, खिडकीशी जा आणि तापलेलं बिट दोन सेकंद त्यावर टेकवा. बिट आत रुतलं आणि नाकाला झोंबणारा धूर आला, तर ती पीव्हीसी.

जोडताना

नव्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. जुन्या मालात लाल, काळी, हिरवी. थ्री पिन टॉप (प्लग) आयएसआय मार्कचा घ्या. त्याची मोठी पिन अर्थची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे लावताना आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. टॉपच्या आत अर्थची तार बाकी दोन तारांपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा. वायर हिसकली गेलीच, तर ती शेवटी तुटेल.

सोल्डरिंग करणाऱ्याचा हात इथे हमखास शिवशिवतो: तारेच्या टोकांना शिसं लावून घेऊ या! नका लावू. शिसं स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि जोड तापायला लागतो. तारा पिळून दुमडा किंवा फेरूल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची बारीक नळी) दाबून बसवा. टॉपमधली पट्टी वायरीच्या बाहेरच्या वेष्टनावर आवळा.

मुठीच्या बाजूला अर्थची तार नळीला स्क्रूने किंवा दाबलेल्या लगने (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्याने) जोडा. तिथे डाख लावलात तर पहिल्या तापातच वितळेल. तापणाऱ्या भागाजवळच्या तारांवर फायबरग्लासची नळी चढवा. तुमच्या आयर्नमध्ये अर्थ जोडायला जागाच नसेल, तर वरून तार गुंडाळून जुगाड करत बसू नका. थ्री पिनचं आयर्न घ्या.

लावण्याआधी मीटर

टॉप बोर्डातून बाहेर, आयर्न थंड. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक काडी मोठ्या पिनला, दुसरी बिटाच्या टोकाला लावा. एक-दोन ओहमच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर बहुतेक वेळा बिट आणि नळी यांच्यामध्ये काळा थर साचलेला असतो. बिट काढून बूड बारीक पॉलिश पेपरने घासा. आता लहान दोन पिनांमध्ये बघा: 25 वॅटला साधारण 2100 ओहम. शेवटी मीटर मेगओहमवर नेऊन लहान पिन ते मोठी पिन बघा, इथे मीटरने कसलाही जोड दाखवता कामा नये. अर्थात मीटर हे थोड्याशा व्होल्टवर तपासतो, म्हणून ही परीक्षा पास झाली तरी आरसीसीबी हवीच.

पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेलं आयर्न लावलं की कधीकधी आरसीसीबी पडते. एलिमेंट ओल धरतं. अशा वेळी अर्थची तार सोडवून ‘चालू करून घेणारे’ महाभाग मी पाहिले आहेत. त्यापेक्षा ते दिवसभर उन्हात ठेवा. तरीही पडली, तर एलिमेंट बदला.

घराच्या बोर्डातलं अर्थिंग वायरमनकडूनच तपासून घ्या आणि त्याला लोड लावून, म्हणजे अर्थमधून प्रत्यक्ष करंट नेऊन, बघायला सांगा. नुसता डिजिटल मीटर फेज ते अर्थ 230 दाखवतो म्हणून अर्थ चांगला असं ठरत नाही. गंजलेल्या, अर्धवट जोडावरही तो आकडा येतो. सॉकेटमध्ये न्यूट्रलचीच तार अर्थच्या भोकात वळवलेली आढळली, तर त्या बोर्डावर काहीही लावू नका. न्यूट्रल तुटला की बॉडीवर सरळ फेज येतो.

राहिला एक्स्टेन्शन बोर्ड. तीन भोकं दिसतात म्हणून आत तीन तारा असतातच असं नाही. स्वस्तातला बोर्ड उघडून बघा: अर्थचा स्क्रू कित्येकदा कोराच असतो.